आईच्या छातीतली फडफड

माझी आई खालापूरजवळच्या आमच्या गावातून वालाच्या शेंगांची पाटी घेऊन शिळफाट्याच्या बाजाराला जायची. भावात तिला कुणी फसवू शकत नसे. पन्नाशी उलटल्यावर ती मधूनच पाटी खाली ठेवायची नि छातीवर हात दाबून बसायची.

"कोंबडं धरल्यावर फडफडतं ना, तसं आतमंदी होतंय गं," ती मला म्हणाली.

मी लग्न होऊन कर्जतला होते. थोरल्या भावाने, दादाने, तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मनगट धरलं न धरलं नि सांगितलं, "बाई घाबरट आहे. या वयात बायकांना होतं असं." ताकदीचं इंजेक्शन दिलं नि पुढच्या माणसाला हाक मारली. ते आठवून मला आजही संताप येतो. नाडी हातातच होती ना त्याच्या!

चारेक वर्षांत आई विसरायला लागली. भात पाण्याशिवाय चुलीवर चढवायची. एकदा बाजारात पाटी घेऊन तशीच उभी राहिली. घराचा रस्ता कुठला, ते आठवेना. ओळखीच्या टेंपोवाल्याने आणून सोडली. दादा म्हणाला, "सोंग हाय. कामाचा कंटाळा आलाय म्हातारीला." वहिनीने भगत बोलावला. त्याने अंगारा लावला, कोंबडा घेतला नि गेला.

दिवाळीला मी गेले, तर पडवीतल्या खोलीला बाहेरून कडी. आत आई, तिच्याच घरात.

"बाहेर पडते नि हरवते. आमी काय करायचं?" दादाने विचारलं.

मी पुढे होऊन कडी काढली, आईला लुगडं बदलायला लावलं नि घेऊन निघाले.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाचा आलेख काढला. मग म्हणाल्या, "ठोके ताल सोडून पडतायत, बहुतेक बऱ्याच वर्षांपासून. अशा हृदयात रक्त साकळतं. त्याच्या बारीक गुठळ्या मेंदूत जातात नि दर वेळी थोडा भाग निकामी करतात. यांचं विसरणं त्यातूनच आलं असावं."

"लवकर आणलं असतं तर?"

"काही वाचलं असतं. किती, ते नाही सांगता येणार."

आईला मी कर्जतला ठेवून घेतलं. औषधाने फडफड कमी झाली, गेलेली आठवण मात्र आली नाही. मला ती आपली धाकटी बहीण समजायची. "आये कुठं गेली गं?" असं विचारायची. मी सांगायची, "शेतावर." मग ती निवांत व्हायची.

दादाला मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं होतं. तो हसला. "छातीचं नि डोक्याचं काय नातं?"

आई गेली. तेराव्याला गावी पंगत बसली होती. दादा वाढता वाढता म्हणाला, "सुटली बिचारी."

मी भरल्या पानावरून उठले. वहिनी मागून हाका मारत होती. मी चपला घातल्या नि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.