खमिरातली लांबट आणि गोल मंडळी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अब्बांनी ठरवून टाकलं होतं, पदवी झाली की शिक्षण पुरे. मला सूक्ष्मजीवशास्त्रातच एम.एस्सी. करायचं होतं. रडून झालं, रुसून झालं, अब्बा ढिम्म. जुन्या शहरात आमची नानची भट्टी आहे. "दिवसभर काचेला डोळा लावून काय बघता गं तुम्ही पोरी?" एवढंच ते विचारायचे. मग कॉलेजच्या पालक दिनाला मी त्यांना ओढूनच नेलं. काचपट्टीवर भट्टीतलंच खमीर, म्हणजे पुढच्या पिठासाठी राखलेला आंबट गोळा, रंगवून तयार ठेवलं होतं.

सूक्ष्मदर्शकात डोकावताच अब्बांचा चेहरा उतरला.

"हे जंतू हायेत? आपल्या खमिरात?"

"व्हय, अब्बा."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बेटा, कुणाला बोलू नको. गिऱ्हाईक तुटंल."

मला हसू आवरेना. म्हटलं, मोठे ठिपके दिसतात ते यीस्ट, नान फुगवतात. लहान आहेत ते जंतू, चव त्यांचीच. ही मंडळी गेली तर आपला नान नुसता वातड.

अब्बा परत वाकले, ते बराच वेळ उठेनात. "काही लांबट, काही गोल. एकाच गोळ्यात दोन तऱ्हा कशा?"

हा माझा सगळ्यात लाडका धडा. मी सुटलेच. जंतूला भिंत असते. लांबट जंतू ती बाजूंनीही रचत जातो, म्हणून लांबतो. गोल जंतूंचे पूर्वजही बहुतेक लांबटच होते. पिढ्यान्‌पिढ्या जाताना बाजूंची भिंत रचवणारं जनुक काहींनी गमावलं. मग फक्त मधोमध भिंत घालून दोन व्हायचं तेवढं उरलं, आणि ते गोल झाले.

"म्हणजे गोळा दोन्हीकडून ओढला तर लांब, नाय ओढला तर गोल," अब्बा म्हणाले. "पण एवढं हरवूनबी मेले नायत?"

"मजेत जगले."

"हं," म्हणाले, आणि घरी येताना वाटेत भट्टीवर थांबून खमिराचा गोळा उलटसुलट करून बघितला. एम.एस्सी.चं काय, माझा जीव टांगणीला.

सकाळी डबा द्यायला भट्टीवर गेले, तर करमाडचं एक जुनं गिऱ्हाईक लग्नाचे नान सांगायला आलेलं. अब्बा त्याला सांगत होते, "आमच्या खमिरात जंतू हायेत, लई कामाचे. गोल हायेत ना, ते आधी लांबच होते."

गिऱ्हाईक हातातल्या नानकडं बघतच राहिलं. "कुणी सांगितलं हे?"

"पोरीनं. ती आणखी शिकणार हाय, मग सगळं नीट सांगंल."

अब्बांचा होकार मला कळला तो असा, गिऱ्हाइकाबरोबरच.