भंगारात गेलेला बायोडाटा

कम्युनिटीतल्या भोरकरांनो, सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझं टायपिंगचं दुकान तुम्हाला माहीत आहे. आज भाटघरचे एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. जाताना म्हणाले, "ताई, पोरीचं जमलं. आता तिचा बायोडाटा तुमच्या कॉम्प्युटरमधनं पुसून टाका. फोटो, फोन नंबर, समदं हाय त्यात."

मी "व्हय काका" म्हणाले. ते गेल्यावर आठवलं, तो बायोडाटा जुन्या हार्ड डिस्कवर होता. ती बंद पडली म्हणून महिन्यापूर्वी मी भंगारात दिली. बंद पडली म्हणजे आतलं सगळं गेलं, असंच मी धरून चालले होते. पुण्याच्या रिपेअरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बंद डिस्कमधूनही बरंच काढता येतं."

तशीच गाडी काढून किकवीला भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आमी फोडतो त्या. आतल्या चकत्या लोकं पाखरं हाकलायला शेतात बांधत्यात. पण तुमची न्हाई फोडली. पुण्याचा एक माणूस अख्खी घेऊन गेला."

"कोण माणूस?"

"भंगार घेणाऱ्याचं नाव कोण इचारतंय, ताई?"

त्या डिस्कवर चार वर्षांतल्या मुलींचे बायोडाटा आहेत. तुमच्यातल्या कुणाच्या बहिणीचाही असेल.

उद्या काका पत्रिकेचं प्रूफ बघायला येतील आणि पुसला का म्हणून विचारतील. तुम्हाला सांगून टाकलं. त्यांच्या तोंडावर कसं सांगू?