वालाच्या शेतावरची रायफल

आमच्या ह्यांना शिकारीचा नाद होता असं म्हटलं तर शिकारीवर अन्याय होईल. नाद होता तो शिकारीविषयी बोलण्याचा. पेणच्या एका कचेरीत कारकुनी करणारा हा माणूस घरात झुरळ निघालं तर आधी मला हाक मारायचा. पण संध्याकाळी ओट्यावर चार मित्र जमले की सांबरं, भेकरं, रानडुकरं ह्यांच्यापुढे ओळीनं आडवी पडत. मित्रही निमूट ऐकत, कारण चहा आमचा असे.

माझं माहेर रोह्याजवळ, वरसे गावाच्या पलीकडे. मी एकुलती एक. बाबा गेल्यावर डोंगराच्या पायथ्याची दोन एकर जमीन सातबाऱ्यावर माझ्या नावानं चढली. भात कापून झालं की तिथं वाल पेरायचा. शेत माझा चुलतभाऊ बघायचा, आणि पेरणीला नि काढणीला मी पेणहून जायची. त्या आठवड्यात मी कुणाची बायको नसायची, कुणाची सून नसायची. बांधावर बसून भाकरी खाताना मला जे बरं वाटायचं तसं पेणच्या घरात कधी वाटलं नाही.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. त्या सुमारास लागोपाठ दोन वर्षं भेकरांनी आमचा वाल फस्त केला. कोवळा पाला दिसला की डोंगरातून उतरायची आणि शेंगा धरायच्या आत शेंडे खुडून न्यायची. दुसऱ्या वर्षी मी हात हलवत परत आले, तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, "पुढल्या साली वाल हाती आला नाय, तर जमीन काढून टाकू. उगाच एस्टीच्या खेपा कशाला?" गिऱ्हाईकही तयार होतं. रोह्याला कंपन्या येणार, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना खोल्या लागणार, असं जो तो बोलत होता. जमीन माझ्या नावावर होती, पण नावावर असणं निराळं आणि ठरवणं निराळं. मी एकदाच म्हटलं, "मला नाही विकायची." हे म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" आणि तो विषय ह्यांच्यापुरता संपला.

मग एक दिवस ह्यांनीच तोडगा काढला. "बंदूक घेऊ. शेतीच्या रक्षणासाठी परवाना मिळतो." बोलताना डोळे असे चमकत होते की रक्षण कशाचं करायचं आहे हे मी विचारलं नाही. मला तेवढं एक वर्ष हवं होतं. मी हो म्हटलं.

बंदूकही हेरून ठेवलेली होती. रोह्याला भाताचे व्यापारी असलेले एक चाचा होते, बाबांच्या ओळखीतले. तरुणपणी ते एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर डोंगरात हिंडायचे, आणि तो साहेब मायदेशी जाताना आपली रायफल त्यांना देऊन गेला होता. विलायती, खास हरणांच्या शिकारीसाठी बनवलेली, सडपातळ, लांब नळीची. चाचांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्याला बंदुकीत रस नव्हता, आणि चाचांचे स्वतःचे गुडघे गेले होते. त्यांनी ती पेटीतून काढून सतरंजीवर ठेवली तेव्हा मलाही ती आवडली, हे कबूल करते. नळी अजून स्वच्छ होती. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याला मात्र वाळवी लागली होती, मधोमध चीर गेली होती, आणि चामडी पट्टा हात लावताच तुटला.

"हिला घाई चालत नाय," चाचा म्हणाले. "जनावराच्या मागं पायी जायचं. वारा कुठून येतो ते बघायचं. दिवस दिवस गप बसायचं. गोळी एकच."

हे मान डोलवत होते. गप बसण्याचा भाग ह्यांनी ऐकला नसावा.

परवाना येईपर्यंत रायफल चाचांच्याच घरी राहणार होती, तसा कायदाच होता. पण ह्यांना धीर कुठला? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. परवान्याचा पत्ता नाही आणि हे सुधारणांच्या मागे लागले. जुना दस्ता काढून सुताराकडे नेला, त्या मापाचा नवा शिसवी दस्ता बनवून घेतला. तो झकास झाला. तिथं थांबायला हवं होतं. पण ह्यांना त्यावर झळाळी हवी होती, आणि झळाळीच्या बाबतीत पेणच्या माणसाला एकच पत्ता ठाऊक असतो. हे दस्ता घेऊन हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात गेले.

आषाढ चाललेला. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाऱ्याला हे एवढंच म्हणाले, "जरा चांगला उठून दिसू दे." त्या बिचाऱ्याचा जन्म उठून दिसण्यातच गेलेला. पंधरा दिवसांनी दस्ता घरी आला तो पिवळ्याधमक रंगाचा, सोनेरी किनारीचा, आणि दोन्ही बाजूंना वेलबुट्टीतून डोकावणारा एकेक मोर. हे रागारागानं परत गेले, तर रंगारी म्हणाला, "साहेब, नुसतं लाकूड लोकांना आवडत नाय. मोराचं काम मी फुकट केलंय, आपले संबंध म्हणून." त्यावर भांडता येईना. वर त्यानं रंग पक्का दिला होता. ह्यांनी पॉलिश कागदानं चार रविवार घासला, तेव्हा कुठं पिवळा गेला. एक मोर मात्र मानेपर्यंत शिल्लक राहिला.

दुर्बिणीची गोष्ट त्याहून बरी नव्हती. मुंबईच्या जुन्या बाजारातून ह्यांनी एक बंदुकीवर लावायची दुर्बीण आणली. ती बसवायला पट्टी लागते. धरमतरला मालाच्या बोटी दुरुस्त करणारा एक लोहार होता. त्यानं आयुष्यात लहान वस्तू बनवली नव्हती. त्यानं घडवलेली पट्टी चाचांनी दोन्ही हातांनी तोलून पाहिली. मग म्हणाले, "मजबूत हाय. बोट बांधली तरी निघायची नाय."

आता अर्जाविषयी सांगते, कारण खरं घोडं तिथंच पेंड खात होतं.

जमिनीसंबंधी कुठलाही कागद असला की आमच्या घरात एक रीत होती. मजकूर हे लिहीत, अर्जदार म्हणून माझं नाव घालत, मग मला स्वयंपाकघरातून हाक मारत, "सही कर गो इथं." मी हात पुसून येई, सही करी आणि जाई. शेतसारा, वारसनोंद, विहिरीचा अर्ज, सगळं असंच. ह्यांचा समज होता की मी न वाचता सही करते. मी दर वेळी वाचत असे. हात पुसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एक पान वाचून होतं.

बंदुकीच्या अर्जाला सातबारा जोडायचा होता, म्हणून सवयीनं ह्यांनी वर माझं नाव लिहिलं. अर्जदार मी. शेती माझी. शस्त्र कुणाला हवं, तर मला. मी वाचलं, हात आणखी एकदा पुसले आणि सही केली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ह्यांना सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण "तुला काय कळतं त्यातलं" हे माझ्या कानात ताजं होतं. मला कळत नव्हतं, तर मी काय सांगणार?

चौकशीला हवालदार आले तेव्हा हे कचेरीत होते. हवालदारांनी चहा घेतला आणि वहीत बघत विचारलं, "बाई, याआधी कुठलं हत्यार वापरलंय?"

"विळी," मी म्हटलं.

ते हसले आणि वर्तणूक चांगली असल्याचं लिहून गेले. तेही मी ह्यांना सांगितलं नाही.

पुढे अलिबागच्या जिल्हा कचेरीतून बोलावणं आलं. हे मला बरोबर घेऊन गेले, जमिनीची मालकीण म्हणून. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. साहेबांनी कागद पाहिला आणि थेट माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्हाला बंदूक चालवता येईल का?"

ह्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी बाई आली आहे की काय म्हणून. मग घाईनं म्हणाले, "साहेब, चालवणार मी आहे. ही नुसती..."

"तुमची शेती कुठं आहे?"

"माझी नाही. हिची."

"मग रक्षण तुम्ही कशाचं करणार?" साहेब म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "येईल का चालवता?"

"शिकेन," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आला.

परतीच्या एस्टीत हे पेण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "सही करताना वाचत जा गो जरा." मी बरं म्हटलं.

परवाना आला आणि भात कापणीनंतर वालाची पेरणी झाली. मी शेतावर मुक्काम हलवला. चाचा बैलगाडीतून आले आणि बांधावर बसून मला शिकवायला लागले. ह्यांनी रजा काढली होती. लांब उभं राहून तेही शिकवत होते. चाचा एकदाही हसले नाहीत, एकदाही आवाज चढवला नाही. "बाय, खांद्याला घट्ट लाव. श्वास धर. चाप ओढू नको, दाब." पहिल्या गोळीनं खांदा असा सुजला की दोन दिवस भाकरी थापता आली नाही. चुलतभाऊ म्हणाला, "कशाला गो जीवाला त्रास? विकून टाक नि मोकळी हो." तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले.

वाल वीतभर झाला आणि एका पहाटे भेकर आलं. उजाडलं होतं, गवतावर दव होतं. मी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर पालथी पडले होते. दुर्बिणीत ते एवढं जवळ आलं की तोंडातलं पान दिसत होतं. त्याचे ओले कान हलत होते. फार सुंदर होतं ते. आणि ते माझं शेत खात होतं. मी श्वास धरला, नेम घेतला आणि चाप दाबला.

गोळी भाऊच्या बुजगावण्याच्या डोक्यावरच्या मडक्याला लागली. लोहाराची पट्टी मजबूत होती, पण सरळ नव्हती. मडकं फुटलं, डोंगर दणाणला, आणि भेकर जे पळालं ते पुढे दहा दिवस फिरकलं नाही. मग मी हिशेब ओळखला. दर आठ-दहा दिवसांनी पहाटे एक गोळी. तेवढं पुरत होतं.

गावात मात्र निराळीच कथा पसरली. बाईनं भेकर नजरेसमोर असून मारलं नाही, नुसतं भेवडावलं, बाईमाणसाचं काळीज, अशी. लांबच्या वाडीतल्या बायकाही येऊन माझ्या हाताला हात लावून गेल्या. मी नेम धरूनच झाडली होती हे एक चाचांना ठाऊक होतं आणि एक मला. मधे दोन दिवस मी पेणला गेले, तर ह्यांनी ओट्यावर मित्रांना सांगितलं की मुक्या जनावराला मारायचं नाही अशी आपणच ताकीद दिली होती. मी आतून चहा पाठवला.

पौष संपता संपता शेत शेंगांनी वाकलं. पाच वर्षांत आला नव्हता असा वाल आला. काढणी चालू असताना हे पेणहून आले आणि बरोबर ते गिऱ्हाईक. बोलणी आधीच झाली असावीत, कारण त्या माणसानं येताना पेढे आणले होते. मी शेताच्या मध्यावर वाल उपटत होते. वाल आला तर जमीन राहील असं हे स्वतः म्हणाले होते, आणि वाल सगळ्यांच्या गुडघ्यापर्यंत उभा होता.

गिऱ्हाईकानं इकडंतिकडं बघितलं आणि ह्यांना विचारलं, "मग कधी करू या कागद?"

ह्यांनी आधी शेतभर नजर फिरवली. मग माळ्याकडे पाहिलं, तिथं मी रायफल पांघरुणात गुंडाळून ठेवली होती. "मला काय विचारता?" ते म्हणाले. "हिला विचारा. परवाना हिच्या नावावर हाय."

भाऊ हसला, काढणीच्या बायका हसल्या. गिऱ्हाईकानं खरोखरच माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाला, "ताई, तुमचं काय म्हणणं?"

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्याआधी राग आला, असा की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं सातबारा माझ्या नावावर होता, आणि तेवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"विकायची नाही," मी म्हटलं आणि पुढला वाल उपटायला वाकले.