नाना बेन्झची नवी गाडी

अकूवी अमेगान हिला नुसतं ‘अकूवी’ म्हणणारं लोमे शहरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस गेली दहा वर्षं तिच्याशी बोलत नव्हतं. बाकी सगळ्यांची ती नाना बेन्झ. नाना म्हणजे आमच्याकडे आई, आजी, घरातली थोरली बाई. आणि बेन्झ म्हणजे बेन्झ. असिगामे बाजारात छापील कापड विकून ज्या बायकांनी स्वतःच्या कमाईवर ही गाडी घेतली, त्यांना गावाने हे नाव दिलं. नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायका पुष्कळ असतात, पण गाडीच्या नावाने ओळखली जाणारी बाई म्हणजे निराळं प्रकरण. एके काळी परदेशी पाहुणे आले की सरकारी कचेरीतला माणूस या बायकांकडे गाड्या मागायला यायचा. अकूवी त्याला अर्धा तास बसवून ठेवायची आणि मगच किल्ली द्यायची.

तिला पंचाहत्तरावं लागलं त्या वर्षी तिने तिसरी बेन्झ विकली. गाडीने काही वाकडं केलं नव्हतं. पण तिचा स्क्रू न् स्क्रू ओळखणारा म्हातारा मेकॅनिक वारला, पेट्रोल महागलं, आणि माँट्रियलला राहणारा मुलगा फोनवर रोज तेच पालुपद लावून बसला. शेवटी त्यानेच बंदरावरच्या जुन्या गाड्यांच्या आवारातली एक छोटी पांढरी जपानी हायब्रिड निवडली, पैसे भरले आणि मोकळा झाला. बेन्झ सीमेपलीकडच्या कोटोनू शहरातल्या एका माणसाने नेली. तो लग्नाला गाड्या भाड्याने द्यायचा. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा नाना स्वयंपाकघरात मिरच्या निवडत बसली होती. मिरच्या कालच निवडून झाल्या होत्या.

पहिल्या सकाळी ती नेहमीसारखी मागच्या सीटवर बसली आणि तिच्या डोईचा रुमाल छताला अडकला. नाना रुमाल बांधायची तो चांगला वीतभर उंच. बेन्झमध्ये त्याला कधी कोणी हात लावला नव्हता.

“कोजो, छत खाली आलंय,” ती म्हणाली.

“छत जागच्या जागीच आहे, नाना. रुमाल वर गेलाय,” कोजो म्हणाला. कोजो तिचा ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्यामुळे असं बोलायचा त्याला हक्क होता.

त्याने बटण दाबलं. पुढच्या पडद्यातून एक बाई गोड आवाजात काहीतरी म्हणाली.

“कोण बोललं?”

“गाडी बोलली. जपानी बोलते, मला काय कळतंय.”

“सकाळच्या पारी बाई काही विचारतेय आणि तू तोंड शिवून बसलायस? उत्तर दे तिला.”

मग कोजोने पडद्याकडे बघून रीतसर सांगितलं, की आम्हाला छान झोप लागली, घरात सगळे बरे आहेत, तुमच्याकडे मुलंबाळं कशी आहेत. नानाला जरा बरं वाटलं. सकाळी विचारपूस न करता कामाला लागणारी माणसं तिला अजिबात खपत नसत. गाडीला निदान वळण होतं.

“चल, सुरू कर आता.”

“सुरूच आहे.”

“कुठे सुरू आहे? मला ऐकू येतं अजून.”

कोजोने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी चोरासारखी फाटकाबाहेर आली. रखवालदार खुर्चीत बसून कोलिको खात होता. तळलेल्या कंदाची फोड त्याच्या तोंडाशीच राहिली. बेन्झ सुरू झाली की तो फाटकाशी ताठ उभा राहायचा. आज गाडी त्याच्या नाकासमोरून गेली तेव्हा त्याला कळलं.

पुढच्या चौकात लाल दिवा लागला आणि थोडीफार जी गुरगुर होत होती तीही थांबली. नानाने पर्स उघडली. धक्का मारायला मोटारसायकलवाल्या पोरांना काहीतरी द्यावं लागणार, हे तिने गृहीतच धरलं.

“नाना, पर्स ठेवा. ती मुद्दाम थांबते.”

“मुद्दाम? भर चौकात?”

“पेट्रोल वाचवते. आणि बघा, उतारावर ब्रेक मारला ना, की बॅटरी भरते. तो बाण बघा, चाकाकडून बॅटरीकडे चाललाय.”

नाना पुढे वाकून बराच वेळ बाण बघत राहिली. “म्हणजे हिला थांबायचेसुद्धा पैसे मिळतात,” ती म्हणाली. “असिगामेत इतकी वर्षं काढली, असा धंदा मला जमला नाही.” हे ती मनापासून म्हणाली. धंद्यातली अक्कल दिसली की ती कोणालाही मान द्यायची, गाडीला का नाही.

दुःख झालं ते कोजोला. बेन्झला दर दोन दिवसांनी पेट्रोल लागायचं, आणि पंपावर आजो नावाची एक विधवा बाई नळी धरायची. तिच्याशी दहा मिनिटं हसून बोलल्याशिवाय कोजोची टाकी भरत नसे. आता तीन आठवड्यांतून एकदा जायचं. “ही गाडी माणसाला एकटं पाडते, नाना,” तो म्हणाला. नाना म्हणाली, “मग लग्न कर तिच्याशी. रोज पेट्रोल भरायचा बहाणा कशाला?”

असं सगळं थट्टामस्करीत चाललं होतं, पण बाजार जवळ आला की नाना म्हणायची, “उजवीकडून घे.”

उजवीकडचा रस्ता जवळचा होता. तरी गेली दहा वर्षं तिची बेन्झ रोज डावीकडच्या कापडगल्लीतून, वळसा घेऊन, बरोबर साडेआठला जायची. त्या गल्लीत कोकोएचं दुकान होतं. वळसा कशाला, हे कोजोने कधी विचारलं नाही आणि नानाने कधी सांगितलं नाही.

कोकोए आणि अकूवी लहानपणच्या मैत्रिणी, बाजारातही एकाच वर्षी, एकाच झाडाखाली, एकेक गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. दोघींनी मिळून किती कापडांना नावं दिली त्याची गणती नाही. आमच्याकडे कापड नक्षीवर विकलं जात नाही, नावावर विकलं जातं, आणि नाव देण्यात कोकोएचा हात धरणारी कोणी नव्हती. हिरव्यावर पिवळ्या मडक्यांचं एक कापड गोदामात सडत पडलं होतं. कोकोएने त्याला ‘सासूबाई, जेवलात का’ असं नाव दिलं आणि ते महिन्याभरात संपलं. अकूवीने बेन्झ घेतली तेव्हा पहिल्या दिवशी शेजारी कोकोएच बसली होती. कोकोएने स्वतः गाडी कधी घेतली नाही. तिला गाडी लागायची.

मग दहा वर्षांपूर्वी बाजाराला मोठी आग लागली. कोकोएचं सगळं गेलं. अकूवीचा निम्मा माल घरच्या कोठारात होता, तो वाचला. दोन दिवसांनी अकूवीने सहा गठ्ठे गाडीत घातले आणि कोकोएला नेऊन दिले. त्याच संध्याकाळी हातगाडीवरून सहाही गठ्ठे परत आले. निरोप नाही, काही नाही. त्या दिवसापासून बेन्झचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की कोकोए स्टुलावरून उठायची आणि आत जायची. नाना रोज काळ्या काचेतून ते रिकामं स्टूल बघायची. आपण मदत केली आणि हिने ती तोंडावर फेकली, हा राग तिने दहा वर्षं जपला होता. रोज त्याच गल्लीतून जायची ती हा राग ताजा ठेवायला, असं ती स्वतःला सांगायची.

आता त्या गल्लीतून या डबीतून जायचं? बाकी बाजाराचं तिला काही वाटत नव्हतं. पोरी हसल्या तर हसू देत. पण कोकोएने आपल्याला असं, बेन्झशिवाय बघावं, हे तिच्याने सोसवणार नव्हतं.

नवव्या दिवशी उजवीकडचा रस्ता बंद निघाला. कोणाची तरी मयत होती आणि रस्ताभर मांडव घातला होता, खुर्च्या लागल्या होत्या, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे स्पीकरवर गाणी चालू होती. मांडवाला हटवणार कोण?

“घरी चल,” नाना म्हणाली.

“घरी? दुकानात नवा माल येऊन पडलाय.”

“मग डावीकडून घे. आणि लवकर काढ.”

लवकर काढणं कोजोच्या हातात नव्हतं. बेन्झ यायची तेव्हा गल्ली आपोआप दुभंगायची. या गाडीची कोणाला चाहूलच लागेना. डोक्यावर परात घेतलेली एक बाई गाडीच्या अगदी पुढून डुलत चालली होती आणि मैत्रिणीला सुनेची कर्मकहाणी सांगत होती. कोजोने भोंगा वाजवला. तो इतका बारीक होता की बाईने मागे न बघता “हो रे बाळा, जा बाजूने” म्हटलं. उघड्या खिडकीतून कांद्याचा, नव्या कापडाच्या खळीचा, सुक्या मासळीचा वास येत होता. नानाला आठवलं, की बाजार असा वास घेत घेत चालायचा असतो.

आणि मग पुढे गठ्ठ्यांची एक हातगाडी आडवी झाली आणि सगळंच थांबलं. नानाने मान वळवली. हातभर अंतरावर कोकोए स्टुलावर बसली होती.

ती पाठमोरी होती. चष्मा नाकावर घेऊन कापडाची घडी मोजत होती. खांदे बारीक झाले होते. नानाला वाटलं, काच वर करावी. पण काच साधीच होती, वर करून काय लपणार? तेवढ्यात कोकोए वळली.

“आवाज नाही आला,” कोकोए म्हणाली.

“हिला आवाज नाही.”

“मग मी उठायचं कशाच्या आवाजावर?”

नानाला राग यायला हवा होता आणि तो कुठे ठेवलाय तेच सापडत नव्हतं.

“बेन्झ कुठाय?” कोकोएने विचारलं.

“विकली.”

“बरं केलंस.”

“बरं केलंस म्हणजे? काय वाईट केलं होतं गं तिने तुझं?”

कोकोएने घडी मांडीवर ठेवली. “त्या दिवशी तू उतरली नाहीस.”

“कुठल्या दिवशी?”

“तू गठ्ठे आणलेस त्या दिवशी. मी राखेत उभी होते, अकूवी. गाडी आली तशी मी हात पुसले, म्हटलं आली ही. काच चार बोटं खाली झाली. तू म्हणालीस, हे घे. कोजोने सहा गठ्ठे राखेत ठेवले आणि काच वर गेली. सगळा बाजार बघत होता. भिकाऱ्याला तरी माणूस खाली उतरून देतो. मला गठ्ठे नको होते. तू उतरायला हवी होतीस.”

पुढे कोजो स्टिअरिंगकडे बघत बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. त्या दिवशी आरशात त्याने बघितलं होतं, आणि विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही हा त्याचा अठ्ठावीस वर्षांचा नेम होता.

“मी रडत होते,” नाना म्हणाली.

“काय?”

“तुझं दुकान बघितलं आणि मला आवरेना. घरून ठरवून आले होते, की उतरायचं, तुझ्याजवळ बसायचं. पण नाना बेन्झ भर बाजारात भोकाड पसरून रडतेय हे लोकांनी बघावं, असं नको वाटलं. म्हणून काच वर केली.”

कोकोएने चष्मा काढला. ती म्हणाली, “मला दिसलं नाही.”

“काळी होती ना काच.”

हातगाडी निघाली होती. मागे मोटारसायकलवाले भोंगे वाजवायला लागले. कोजोने मागे न वळता विचारलं, “नाना, जायचं का?”

नानाने उत्तर द्यायच्या ऐवजी दार उघडलं. गुडघे तिचे कधीच दगा देऊन बसलेले. एक हात दाराला, एक हात सीटला लावून ती बाहेर यायला लागली, आणि गाडीच्या छताने तिचा रुमाल अलगद काढून घेतला. पंचाहत्तर वर्षांची नाना बेन्झ, पांढऱ्या विरळ केसांनिशी, उघड्या डोक्याने कापडगल्लीत उभी राहिली. परातवाली बाई बोलायची थांबली. नानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

कोकोए उठली. या वेळी ती आत गेली नाही. तिने गाडीतून रुमाल उचलला, झटकला, आणि नानाला स्वतःच्या स्टुलावर बसवून तिच्या डोक्याला बांधायला घेतला.

“इतका उंच कशाला बांधतेस?” ती पुटपुटत होती. “आता त्या गाडीत मावायचं असेल तर खाली बांधायला शीक. हलू नकोस. लहानपणापासून हलतेस.”

“मागे गाड्या थांबल्यात,” नाना म्हणाली.

“थांबू देत. कोजो, जा तू, गाडी दुकानाशी लाव. ही चालत येईल.”

कोजो निघाला. गाडी कुठलाही आवाज न करता गल्लीतून सरकली आणि दिसेनाशी झाली. कोकोएने रुमालाची शेवटची गाठ खोचली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

“उद्या येताना भोंगा वाजवायला सांग त्याला,” ती म्हणाली. “गल्लीच्या तोंडापासूनच.”

“का? आत जायचंय?”

“नाही. एकच स्टूल बाहेर असतं. दुसरं काढायला वेळ लागतो.”