हूं म्हणायला काय जातं?

यंत्र उलट उत्तर देतं म्हणून चिडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण यंत्र काहीच बोलत नाही म्हणून त्याच्याशी अबोला धरणारा माणूस साऱ्या चेन्नईत एकच आहे, आणि तो नेमका माझा घरमालक आहे. अड्यारच्या एका गल्लीत खाली ते राहतात आणि वर मी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मूळचे तंजावरचे मराठी. किती पिढ्यांपासून तमिळ मुलखात आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. पण मी जळगावहून आलोय आणि वेगळी मराठी बोलतो, याचा त्यांना पहिल्या दिवसापासून राग आहे. राग हा मामांचा अधूनमधूनचा प्रकार नव्हे. दूधवाला उशिरा आला तर राग, लवकर आला तर राग, आणि वेळेवर आला तर बेल इतक्या जोरात का वाजवली म्हणून राग. एका सरकारी कचेरीत ते रेकॉर्ड विभागाचे हेडक्लार्क होते. तिथे त्यांची शिस्त अशी, की फाइल मागितल्यावर शिपायाने "आणतों सार" म्हणायचं, मग जायचं, आणि टेबलावर ठेवल्यावर पुन्हा "आणलीं सार" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर हाताखाली कोणी उरलं नाही, आणि तो सगळा राग काही वर्षं नुसता घरात फिरत राहिला. मग कंप्यूटर आला.

तो मुलीने दिला. ती सिंगापूरला असते. मामी गेल्यावर वडिलांना विरंगुळा हवा, म्हणून तिने आपला जुना कंप्यूटर इथे आणून ठेवला, जावयाने त्यावर लिनक्स नावाची प्रणाली घातली, आणि मामींच्या आवाजाची जी काही रेकॉर्डिंग्ज होती ती 'अम्मा' नावाच्या फोल्डरमध्ये भरून दिली. ज्या फोनवर ती केली होती तो फोन पुढे समुद्रात पडला, त्यामुळे मामींचा आवाज जगात आता एवढाच. मी मामींना पाहिलेलं नाही. मी राहायला आलो त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या.

माऊस मात्र मामांनी हातात घ्यायला साफ नकार दिला. बोट दाखवून काम सांगणं त्यांना असभ्य वाटतं. "तूं बाजारांत कीरैची जुडी बोट दाखवून घेतोस, कां? तुजला तमिळ येत नाहीं म्हणून," ते मला म्हणाले. "मजला भाषा येते. मीं कां बोट दाखवूं?" पालेभाजीचा हा टोमणा खराच होता, त्यामुळे मला जास्तच झोंबला. एकदा माझ्या लॅपटॉपवर त्यांनी ती काळी खिडकी पाहिली, जिथे चित्रं नसतात, नुसते लेखी हुकूम टाईप करायचे. त्यांचे डोळे चमकले. हेच त्यांना हवं होतं. त्या दिवसापासून माझे सगळे रविवार त्यांच्या घशात गेले.

पहिला हुकूम शिकवला पीडब्ल्यूडी, म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते विचारणं. "माझ्या घरांत मीं कोठें आहें, हें मीं याला विचारायचं?" म्हणून ते चिडले. एलएस लिहिलं की समोरच्या सगळ्या फाइलींची यादी येते. ते त्यांना आवडलं, दिवसभर ते हजेरी घेतल्यासारखे एलएस करत बसत. एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायचं सीडीही जमलं. घोडं अडलं ते सीपीपाशी. सीपीने फाइलींची प्रत निघते, पण निघाली की हा कंप्यूटर काही बोलत नाही. चूक झाली तरच तोंड उघडतो, काम नीट झालं तर गप्प. मी परोपरीने समजावलं की गप्प म्हणजे झालं. मामा टेबलावर हात आपटून म्हणाले, "हूं म्हणायला काय जातं याला? केलं तर केलं म्हण की!" आणि त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढचे दोन रविवार मी चहा पिऊन वर गेलो.

दुसरा वाद बंद करण्यावरून. काम संपलं की खिडकीला 'एक्झिट' सांगायचं, हे मी सांगितलं तेव्हा मामा असे पाहत राहिले, जणू मी त्यांच्या उंबऱ्यावर काही अभद्र बोललो होतो. आपण निघताना 'येतो' म्हणतो, तमिळ माणूस 'जाऊन येतो' म्हणतो. 'जातो' कोणी म्हणत नाही. "आमचे घरीं तें म्हणायचं नाहीं," एवढंच ते बोलले. मग काय, एकही खिडकी कधी बंद झाली नाही. गाण्याची, पत्त्यांची, पंचांगाची, जी उघडली ती उघडीच. कंप्यूटर इन्व्हर्टरवर रात्रंदिवस घुरघुरत राही. तो म्हाताऱ्यासारखा धापा टाकायला लागला की ओरडा मला.

आणि मग तो दिवस. सीपीने उत्तर दिलं नाही म्हणून मामांनी 'अम्मा' फोल्डरची जास्तीची एक प्रत काढून ठेवली होती, 'अम्मा-दोन' नावाची. डिस्क भरत आली होती, तरी मी सांगितलं होतं की एकट्याने काही पुसू नका. आरएमने पुसलेलं परत मिळत नाही, इथे कचऱ्याची टोपली नसते. मी पेरुंगुडीला ऑफिसात असताना यांनी एकट्यानेच ती प्रत पुसायला घेतली. आरएम लिहिलं. उत्तर नाही. हुकूम पुन्हा दिला, तर तो म्हणाला, असं काही इथे नाहीच. आता, कचेरीतला मामांचा आयुष्यभराचा अनुभव असा, की 'फाइल नाहीं सार' म्हणणारा शिपाई खोटं बोलतो. त्याला शेजारच्या फाइलीसाठी कपाटापाशी धाडलं की पहिली आपोआप सापडते. म्हणून त्यांनी त्याच पुसायच्या हुकुमात नुसतं 'अम्मा' लिहून त्याला कपाटापाशी धाडलं. तो गेला, आणि सांगितलेलं काम चोख करून गप्प बसला.

मी संध्याकाळी आलो तेव्हा मामा खुर्चीत बसले होते. "एलएस केलों," ते म्हणाले. "कांहीं नाहीं." मला असा संताप आला की विचारू नका. हजारदा सांगितलेलं! जगाला शिस्त लावायला निघालेल्या या माणसाला एक गोष्ट ऐकता येऊ नये? तेवढ्यात ते उठले, भिंतीपाशी गेले आणि स्विचवर हात ठेवून म्हणाले, "या दरिद्र्याला बंदच करून टाकतों."

"मामा, हात काढा!" मी ओरडलो. त्यांच्यावर कोणी ओरडलेलं त्या घराने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी हात काढला.

कारण मला पडद्यावर काळ्या खिडकीच्या मागे आणखी एक खिडकी दिसली होती. रेकॉर्डिंग ऐकायचा प्लेअर उघडाच होता, मध्येच थांबवलेला. लिनक्समध्ये फाइल पुसली, तरी एखादा प्रोग्रॅम तिला धरून बसला असेल तर तो सोडेपर्यंत ती खरोखर जात नाही. बाकीची रेकॉर्डिंग्ज गेली होती, ती मला आणता येणार नव्हती. ही एक प्लेअरने धरून ठेवली होती. काळ्या खिडकीतून मी ती शोधली आणि घाम पुसत सीपी केलं. नेहमीप्रमाणे उत्तर आलं नाही. मी मामांच्या ओरडण्याची वाट पाहिली. ते पडद्याकडे बघत उभे होते, ओठ घट्ट मिटून.

आलेली प्रत मी वाजवून पाहिली. मामी मुलीला आंबट भाजी कशी करायची ते सांगत होत्या. मागून मामांचा आवाज आला, "परवां मीठ कमी होतं." मामी कडाडल्या, "तुम्हीं गप्प बसा की! तुम्हांस कोण विचारलं?" आणि गप्प बसल्याचा असा काही आवाज आला की मला हसू फुटलं. मग कुकरची शिट्टी. "बस्स कर ग, कुकर वाजतोय. मीं येतें," मामी म्हणाल्या, आणि मामांनी माझ्या खांद्यावरून हात घालून तिथेच रेकॉर्डिंग थांबवलं. ते रोज इथेच थांबवतात.

आता नवी प्रत हाती होती, म्हणून मी जुना प्लेअर बंद करायला गेलो. मामांनी माझं मनगट पकडलं. केवढ्या जोराने!

"हात लावूं नको. येतें म्हणालीय ती. बंद कसा करूं?"

मी मनगट सोडवून घेतलं नाही. ज्या खुळ्या हट्टापायी मी महिनोन् महिने कपाळ बडवलं, त्यानेच आज एवढं राखलं होतं, आणि उरलेलं सगळं या माणसाने स्वतःच्या हाताने घालवलं होतं. मला दोन्हींचा राग येत होता. जरा वेळाने त्यांनीच हात सोडला आणि तोंड फिरवून खेकसले, "जा की आतां. तुजला जेवण नाहीं कां?"

मी चपला घातल्या आणि दारातून म्हणालो, "येतो, मामा."

"हूं," ते म्हणाले.