हळू बोलायची जागा

"हिचा आवाज सुरतेत कुणाला ऐकू येईल?" धुळ्याच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढत होती, तेव्हा शेजारच्या काकू मामीच्या कानाशी पुटपुटल्या. मी खिडकीतच बसले होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात माझा हात कुणी धरू शकलं नसतं.

इंग्रजी शाळेसाठी मला लहानपणापासून मामांकडे ठेवलं होतं. आई-अप्पा सुरतेत लिंबायतला, अप्पा यंत्रमागावर कामाला. बारावीनंतर मी त्यांच्याकडे कायमची गेले आणि काकूंचं म्हणणं पहिल्याच संध्याकाळी खरं ठरलं. केबल नवी आलेली. टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा. काही सांगितलं की अप्पा म्हणायचे, "काय म्हनस व माय? आवाज धुळ्यालाच ठेवून आलीस का?" मग मी बोलणंच कमी केलं. दोष माझ्या आवाजाचा, असं धरून चालले.

अप्पांच्या शेडमध्ये एक रीत होती. नव्या कारागिराला मागांच्या खडखडाटाचा त्रास होईनासा झाला की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. 'कान तयार झाला' म्हणायचे. अप्पांनी आपला चहा केव्हाच पाजला होता.

पुढे सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मला ऑफिसात नोकरी लागली. तिथले सेफ्टीचे साहेब एकदा सहज म्हणाले, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर तो आवाज कानाला घातक. आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. घरी येऊन मी एकेका आवाजाशेजारी उभी राहून आईशी बोलून पाहू लागले. पंख्याखाली नीट बोलता आलं. कुकरच्या शिट्टीला थांबावं लागलं, पण क्षणभरच. मिक्सरशेजारी मात्र दोघींना ओरडावं लागलं. "येडी व्हयनी का?" आई ओरडली, तेवढ्यात चटणी झाली, मिक्सर थांबला आणि तिचं वाक्य अख्ख्या चाळीनं ऐकलं.

मिक्सर चटणीपुरता असतो. दुसऱ्या दिवशी अप्पांचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, तरी ते माझ्या ओठांकडेच बघत राहिले. त्यांचा मिक्सर सकाळी सुरू व्हायचा तो संध्याकाळीच थांबायचा, इतकी वर्षं. माझ्या आवाजात काहीच कमी नव्हतं.

साहेबांकडून कानात घालायची फोमची बुचं मागून आणली. अप्पांनी ती खिशात टाकली. "लोक हसतील माय."

म्हणून दुपारच्या चहाला मीच शेडच्या ओट्यावर जाऊन बसले आणि अप्पांना बुचं खिशातून काढायला लावली. बुचं बघून शेजारच्या मागावरचे रघुकाका म्हणाले, "कान तयार झालेल्याला बूच? अप्पा, उद्या टाय पण लाव!" सगळे हसले. अप्पांचा हात पुन्हा खिशाकडे निघाला. मी उठून उभी राहिले.

मामी फोनवर विचारते, सुरत आता घर वाटते का. अप्पा आता बुचं घातल्याशिवाय मागावर जात नाहीत. रघुकाकांनीही परवा लाजत एक जोड मागून नेली. घर कशाला म्हणायचं, ते मला त्या ओट्यावरच कळलं. आतल्या खडखडाटावर आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले होते, "काका, कान तयार नाही झालेला, कान चाललाय. जेवढा उरलाय तेवढा मला हवाय. मला माझ्या घरात अप्पांशी हळू बोलायचंय!"