सुरईसारखा स्पीकर

आमच्या घरात वस्तू विकत घेण्याची दोन शास्त्रं आहेत. मी वस्तू बघून घेतो आणि माझी बायको सुनंदा ती उचलून घेते. मिक्सर असो, इस्त्री असो नाहीतर कलिंगड, ती आधी हातात तोलून बघणार आणि जड लागलं तरच भावाचं बोलणार. (मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाला उचलून बघायची पद्धत नाही, म्हणून मी निभावलो.)

वस्तू नुसती बघून घेण्यात माझा काही दोष नाही. सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. गाड्यांच्या दारांना लागणारे चकचकीत भाग माझ्यासमोरून जातात आणि त्यांच्यावर ओरखडा, डाग, रंगाचा फुगवटा आहे का ते मी बघतो. तो भाग पुढे दाराला बसतो की नाही, हे दुसरं खातं बघतं. वर्षानुवर्षं हेच करून माझी समजूत झालीय की वस्तू वरून चांगली असली म्हणजे आपली जबाबदारी संपली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऋतुजाचा साखरपुडा ठरला. मुलगा नीलेश, पवन मावळातला, पुण्यात नोकरीला. माणसं चांगली. त्याचे थोरले चुलते गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना तात्या म्हणतात, आणि त्या घरात तात्या हसले तरच बाकीचे हसतात, हे मला पहिल्याच भेटीत समजलं होतं. ऋतुजा लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या ऑफिसात काम करते. तिने ओळखीतून तुंगार्लीत तळ्याच्या वरच्या अंगाला एक बंगला एका दिवसासाठी मिळवला. बंगल्याच्या केअरटेकरने अटी आधीच सांगून टाकल्या. बँड नाही, डीजे नाही, पाळीव प्राणी नाहीत. गाण्यासाठी लहानसा स्पीकर चालेल.

ऋतुजाची अट वेगळी होती. ती बंगल्याच्या दारातून बाहेर येईल तेव्हा तिचं आवडतं गाणं सुरू झालं पाहिजे आणि त्या गाण्यावरच ती पहिलं पाऊल टाकेल. व्हिडिओ निघणार होता. गाणं लागेपर्यंत ती जागची हलणार नाही, असं तिने मला बजावलं. मी म्हटलं, स्पीकरचं माझ्याकडे लागलं.

तळेगावात शब्बीरभाईंचं मोबाइलचं दुकान आहे. आमच्या घरातले सगळे फोन तिथलेच. त्यांनी काउंटरवर दोन स्पीकर ठेवले. एक काळा, चौकोनी, वर कडी असलेला, वेल्डिंगवाल्याने फावल्या वेळात बनवल्यासारखा. दुसरा तांब्याच्या रंगाचा, उंच, कमरेत बारीक, वर उमललेलं तोंड, अगदी सुरईसारखा. त्या वरच्या तोंडातून आवाज चारी बाजूंना पसरतो म्हणे. मी त्याला हात लावला आणि बाजूच्या काळ्या ठोकळ्याकडे पुन्हा बघितलंही नाही.

शब्बीरभाई सरळ माणूस. ते म्हणाले, "भाऊ, हा काळा वाजतो आणि हा दिसतो. घरात ऐकायला दोन्ही चालतील. मोकळ्या जागेत लावायचा असंल तर काळा न्या."

सुनंदाने दोन्ही उचलून बघितले. काळा खाली ठेवताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तांबूस उचलला आणि तिने तो कानाशी हलवून बघितला, नारळात पाणी आहे का बघतात तसा. यात काही भरलंय का, असं तिने शब्बीरभाईंना विचारलं. मी तिला समजावलं की हल्लीचं सगळं तंत्रज्ञान हलकंच असतं, आणि साखरपुड्याच्या फोटोत तो काळा ठोकळा आला तर व्याह्यांना वाटेल आम्ही इन्व्हर्टर घेऊन आलोय. झालं, तांबूस घरी आला. आमच्या झोपायच्या खोलीत तो असा वाजला की मी सुनंदाकडे विजयी मुद्रेने बघितलं. ती उशीचे अभ्रे बदलत होती.

सुनंदाचा धाकटा भाऊ बाळासाहेब बेडशाला असतो. इंद्रायणी भात लावतो. स्पीकरचं समजल्यावर त्याने फोन केला. त्याच्याकडे चाकांचा मोठा स्पीकर आहे, बॅगेसारखा ओढत न्यायचा, कमरेइतका उंच, समोर रंगीत दिवे. तो आणतो म्हणाला. मी गोड शब्दांत सांगितलं की हा साखरपुडा आहे, जत्रा नाही. तो म्हणाला, "बरं दाजी. पर जीपमधी टाकून आनतो. तितं पडून ऱ्हाईल."

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आम्ही बंगल्याच्या हिरवळीवर स्पीकर लावून बघितला. मांडव छोटासाच, तळ्यावरून वारा येत होता. गाणं चालू आहे हे मला माझ्या फोनवर दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. बाळासाहेब जवळ जाऊन स्पीकरच्या तोंडावर वाकला आणि वाजतोय म्हणाला, नाडी लागतेय असं डॉक्टरांनी सांगावं तशा आवाजात. मी म्हटलं, लोक आल्यावर वारा अडेल. (वारा अडवण्यासाठी पाहुणे बोलावणारा मी पहिलाच वधूपिता असेन.) स्पीकर मंचाच्या कडेच्या टेबलावर ठेवला आणि मी फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताला जाऊन उभा राहिलो.

मी तिकडे असताना बाळासाहेबाची बायको मंगलवहिनी फुलांची मांडणी करत होती. मंचाच्या दोन्ही बाजूंना दोन फुलदाण्या हव्या होत्या, आणि डेकोरेशनवाल्याने एकच आणली होती. त्यात तिला टेबलावर दुसरी दिसली. हे मला अर्थातच नंतर कळलं.

व्याही मंडळी आली. तात्या पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत, मंचाच्या अगदी शेजारी बसले. गुरुजींनी नवऱ्या मुलाला बसवलं, पूजा झाली आणि मुलीला बोलवा म्हणाले. ऋतुजा बंगल्याच्या दारात साडी सावरून उभी राहिली. व्हिडिओवाल्याने मला खूण केली. मी फोनवर बोट टेकवलं.

कुठूनतरी कुणीतरी गुळण्या केल्या.

मी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा गुळण्या, या वेळी चालीत. मी टेबलाकडे बघितलं तर टेबल रिकामं. स्पीकर चोरीला गेला, हा पहिला विचार. पण चोरीला गेलेला स्पीकर माझ्या फोनवरून वाजतो कसा, हा दुसरा. मी आवाजाच्या दिशेने निघालो. मांडवात इकडेतिकडे वाकून कान लावत फिरणाऱ्या वधूपित्याकडे लोक बघायला लागले. एका बाईंच्या पर्सपाशी मी इतका वेळ थांबलो की त्यांनी ती मांडीवर घेतली.

इकडे ऋतुजा दारात तशीच. सुनंदाने हाताने बोलावलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. ते नाही गाण्यापुरतं होतं, पण लांबून बघणाऱ्याला ते कसं कळावं? मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मुलगी नाही म्हणतेय, इथपासून मुलगी रडतेय, इथपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. नीलेशचा चेहरा उतरला. त्याचे वडील उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, काही अडचण असली तर मोकळेपणाने सांगा, आम्हाला राग येणार नाही. मी त्या वेळी मंचाच्या कोपऱ्यावर गुडघे टेकून बसलो होतो. मी म्हटलं, काही नाही, स्पीकर सापडत नाहीये. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने मी कारखान्यात माल नापास करतो.

आणि मग दिसला. मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, तात्यांच्या कोपरापाशी, तोंडात निशिगंधाच्या काड्या घेऊन उभा होता. आतून बुडबुडे येत होते आणि फुलं गाण्याच्या ठेक्यावर हलत होती. खोटं कशाला बोला, फार सुंदर दिसत होता. सबंध मांडवात त्याच्याइतकं देखणं काही नव्हतं.

त्या क्षणी शहाण्या माणसाने काय केलं असतं, मला माहीत नाही. मी तो उचलला आणि पाणी काढायला उलटा केला. तात्या बाजूलाच बसलेत हे मी विसरलो होतो. निशिगंध तात्यांच्या खांद्यावर आणि पाणी मांडीवर गेलं. स्पीकरने शेवटची गुळणी टाकली आणि तो बंद पडला. तात्या हसले नाहीत.

मंगलवहिनी धावत आली आणि मी काही विचारायच्या आतच सांगू लागली, "दाजी, मी पानी घालायच्या आदी गळतो का बगितला वो. थेंब बी गळला न्हाई." तपासणी खात्यातला माणूस असूनही मला तिच्या तपासणीत खोट काढता येईना.

तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. बाळासाहेब आपला स्पीकर ओढत आणत होता. मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. स्पीकरची पुढची जाळी चेपलेली, एका बाजूला चिखल वाळलेला, आणि चालू-बंदचं आणि आवाजाचं मिळून जे एकच बटण होतं ते मुळापासून तुटलेलं. ते त्याने खिशातली पक्कड लावून फिरवलं. रंगीत दिवे लागले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती आणि बाळासाहेब ऐन वेळी विसरला होता. भाताच्या दिवसांत तो हा स्पीकर शेताच्या बांधावर लावतो, रानडुकरं हाकलायला. त्यासाठी त्याने एक पेन ड्राइव्ह भरलाय आणि तो निसटू नये म्हणून चिकटपट्टीने पक्का बांधून टाकलाय. स्पीकर चालू झाला की आधी तोच वाजतो.

सात-आठ कुत्री एकदम भुंकली. आवाज असा की मांडवाची कनात थरथरली आणि बाळासाहेबाच्या हातातली पक्कड उडून मंचाखाली गेली. आजूबाजूच्या बंगल्यांतली खरी कुत्री उत्तर द्यायला लागली. आणि तेवढ्यात माझी मुलगी दारातून निघाली. (ती नंतर म्हणाली, इतका वेळ उभी होते, काहीतरी वाजलं एवढं पुरे झालं.) ऋतुजा कुत्र्यांच्या भुंकण्यावर एकेक पाऊल मोजून टाकत मांडवात आली. व्हिडिओवाला मागे सरकत शूटिंग करत होता. नीलेश तिला मंचावर घ्यायला उठून उभा राहिला, आणि त्याच क्षणी भुंकणं थांबून स्पीकरमधून बाळासाहेबाचा आवाज घुमला, "हाऽड! चल निघ हितनं! परत दिसलास तर तंगडं मोडीन!"

नीलेश खाली बसला.

मी आणि बाळासाहेब पोटावर पडून मंचाखाली पक्कड शोधत होतो. वरून ती धमकी पुन्हा एकदा आली, मग पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज, मग पुन्हा कुत्री. पक्कड सापडली, बटण फिरलं, एकदाची शांतता झाली. आम्ही दोघे कपडे झटकत उभे राहिलो. सगळा मांडव तात्यांकडे बघत होता. मला वाटलं, आता हे उठतील आणि नारळ घेऊन घरी जातील. सुनंदाने माझा हात धरला होता, एवढ्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदाच.

तात्यांनी खांद्यावरचा निशिगंध उचलून बाजूला ठेवला. मग बाळासाहेबाला जवळ बोलावलं.

"पावणं, डुकरं जात्यात का वो ह्यानं?"

"जात्यात की तात्या. दोन-चार रोज फिरकत न्हाईत."

"मंग आमाला बी द्या ते भरून. औंदा आमच्या भाताचा पार इस्कोट केलाय त्यांनी."

आणि तात्या हसले. पाठोपाठ व्याही, मग नीलेश, मग ज्यांना काय चाललंय ते दिसतही नव्हतं अशा मागच्या रांगा. ऋतुजा तर इतकी हसली की अंगठी घालताना तिला दोनदा थांबावं लागलं. पुढे पेन ड्राइव्ह उपटून काढल्यावर तात्यांनी त्याच स्पीकरच्या माइकवरून आशीर्वादाचं भाषण केलं. पक्कड लावूनही आवाज कमी होत नव्हता, त्यामुळे ते तळ्यापलीकडेही पोचलं असणार. केअरटेकर मध्येच येऊन कुत्री किती आणली आहेत ते विचारून गेला. आम्ही त्याला जेवूनच जा म्हटलं.

मग लग्नाच्या तयारीची बैठक झाली. कामांची वाटणी तात्यांनी केली. स्पीकर, माइक, वाजंत्री बाळासाहेबाकडे. फुलं मंगलवहिनीकडे. खरेदी सुनंदाकडे, कारण तिला वस्तूची पारख आहे असं व्याह्यांचंही मत पडलं. माझं नाव कुठेच येईना, तेव्हा मीच विचारलं. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ते म्हणाले, तुम्ही दारात उभं राहा आणि चांगलं दिसा.

मी ते काम मनावर घेतलंय. परवाच तळेगावात जाऊन गडद निळा जोधपुरी कोट घेतला, सोनेरी बटणांचा, कमरेत बारीक. त्यात हात छातीपर्यंत येत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांना नमस्कार करता येणार नाही. पण दिसतो छान.